एक सूत खोल

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. डोक्याला दिवा बांधून घराखालच्या पोकळीत शिरलो तेव्हा मनात एवढंच होतं, की उद्या सकाळी शहराच्या बांधकाम खात्याचा निरीक्षक यायच्या आत, घर भूकंपात टिकावं म्हणून करून घेतलेलं काम एकदा नजरेखालून घालावं. ठेकेदाराची माणसं दोन दिवस इथे खपत होती. नवं प्लायवूड लागलं होतं, खिळ्यांच्या रांगा सरळ होत्या, लाकडाचा ताजा वास सुटला होता. बघून बरं वाटलं. कोपरांवर सरकत पहिल्या तक्त्यापाशी गेलो आणि सहज एका खिळ्यावरून अंगठा फिरवला. नख आत गेलं. पुढच्या खिळ्यावर फिरवला, तिथेही आत. तिसऱ्याचं डोकं लागलं ते पार तळाशी, आडाच्या तळाशी असावं तसं, आणि काठावर प्लायवूडचे तंतू तुटून उभे राहिलेले.

सुतारकामात इंचाचे आठ भाग करतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. बहुतेक खिळे एक सूत खोल गेले होते, काही दीड सूत. आणि तक्त्याची जाडीच मुळात पावणेचार सूत, म्हणजे बारा मिलिमीटर.

बाहेर येऊन पेन्सिल घेतली, पुन्हा आत गेलो आणि मागच्या भिंतीवरचा एकेक खिळा मोजला. बुडालेल्या खिळ्याभोवती गोल काढायचा, सपाटीला असलेल्याला सोडून द्यायचं. २१२ खिळे होते, त्यांतल्या १३१ खिळ्यांभोवती गोल आले. पाचांत तीन. मोजून झाल्यावर मी तिथेच मातीत उताणा पडून राहिलो. डोक्यावर दीड फुटावर आमच्या झोपायच्या खोलीची जमीन होती आणि वर मुलीच्या पावलांचा आवाज येत होता.

आमचं घर हेवर्डला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेला. १९३८ सालचं, एकमजली, सगळं लाकडाचं. या गावाच्या नावाचा भूभ्रंश, म्हणजे जमिनीच्या पोटातली सरकती भेग, गावातूनच जातो. काही रस्त्यांवर फुटपाथची सरळ कड मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसते, कारण खालची जमीन कणाकणानं कायम सरकत असते. २१ ऑक्टोबर १८६८ला याच भ्रंशावर मोठा भूकंप झाला. १९०६चा होईपर्यंत लोक त्यालाच सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा भूकंप म्हणत. घर घेताना हे सगळं माहीत होतं. नोकरी इथे, शाळा इथे, तेव्हा घरही इथेच घेतलं.

पण भूकंप या शब्दाशी माझी ओळख हेवर्डला झालेली नाही. मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची. दोन-अडीच फूट रुंद भिंती, वर माळवद आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. भिंत दिसायला गढीसारखी, पण आतून ती दोन पातळ भिंतींची जोडी असायची. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक, मध्ये खडी-माती, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे दगड कुठेच नाहीत. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटत आणि माळवद खाली येई. आमची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आम्ही वाचलो. आजीचा हात मोडला. शेजारच्या घरातलं कोणी उरलं नाही. पुढे गावात जुन्या भिंतींना भोकं पाडून आरपार दगड बसवण्याचं काम निघालं, तेव्हा मी शाळा सुटली की ते बघायला जाऊन उभा राहत असे. घर पडतं ते दगडामुळे नाही, दगड दगडाला बांधलेला नसतो म्हणून पडतं, हे तिथले गवंडी एकमेकांना सांगत. ते माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलं आहे.

कॅलिफोर्नियातली जुनी लाकडी घरं हलकी असतात, त्यामुळे त्यांचं दुखणं वेगळं. काँक्रीटच्या पायावर एक आडवं लाकूड टाकलेलं असतं, त्याला मडसिल म्हणतात. त्यावर दोन-तीन फूट उंचीची बुटकी लाकडी भिंत, आणि त्या भिंतीवर सगळं घर. या बुटक्या भिंतीत नुसते उभे खांब, म्हणजे स्टड, असतात. बाहेरून फळ्या मारलेल्या, आतून उघडी. जमीन आडवी हलली की हे स्टड पत्त्यांसारखे एका बाजूला कलंडतात आणि वरचं धडधाकट घर जसंच्या तसं दोन फूट खाली येतं. गॅसची नळी तुटते, चिमणी ढासळते, घर राहण्याजोगं उरत नाही. १९८९च्या लोमा प्रिएटा भूकंपात सांताक्रूझ, वॉटसनव्हिलकडे अशी कितीतरी घरं बसली. २०१४ला नापालाही तेच झालं.

उपाय अवघड नाही. मडसिल पायाला बोल्टनं आवळायचं आणि बुटक्या भिंतीच्या आतल्या अंगाला प्लायवूडचे तक्ते खिळ्यांनी ठोकायचे. तक्ता लागला की स्टडना कलंडता येत नाही. बोल्ट मोठे असतात, डोळ्यांत भरतात, निरीक्षकालाही लगेच दिसतात. तक्ता तर दिसतोच. मधल्या खिळ्यांकडे मात्र कोणी बघत नाही, आणि सगळा भार जातो तो त्यांच्यातूनच.

हिशेब मांडला तर अंगावर येतो. आमच्या नकाशात पंधरा-बत्तिसांश इंची प्लायवूड होतं आणि कडांना दर चार इंचांवर एक खिळा. डग्लस फर लाकडाच्या स्टडवर अशा भिंतीची मान्य ताकद दर फुटाला ३८० पौंड धरतात. फुटात तीन खिळे. म्हणजे एकेका खिळ्यानं साधारण ५७ किलो पेलायचे, एका माणसाचं वजन. सुरक्षिततेची मोकळीक सोडून हा आकडा काढलेला असतो, पण ती मोकळीक खिळा नीट बसलेला आहे असं धरूनच ठेवलेली असते.

त्या रात्री आणखी दोन गोष्टी दिसल्या. प्लायवूडनं भिंत बंद झाली की आत दमट हवा कोंडते, म्हणून दोन स्टडच्या मधल्या प्रत्येक खणात वर आणि खाली गोल भोकं ठेवतात. तशा एका भोकाला दिवा लावून मी आत डोकावलो. स्टडच्या बाजूला, लाकडाला न शिवता, चार खिळे हवेत चमकत होते. बाहेरून ते रांगेत अगदी शोभून दिसत होते. स्टड कुठे आहे याचा अंदाज चुकला की हवेच्या दाबानं खिळे मारणाऱ्या नेल गनला ते कळत नाही. हातोडीला कळतं. हातोडीनं ठोकताना खिळा लाकडात गेला नाही तर दुसऱ्याच घावाला तो भसकन आत जातो आणि मनगट सांगतं, की हुकला.

दुसरी गोष्ट मातीत पडलेली सापडली, गनमध्ये भरायच्या खिळ्यांची अर्धी पट्टी. मी यंत्रं रेखाटण्याचं काम करतो, घरात व्हर्नियर असतोच. खिळ्याचा व्यास भरला २.८७ मिलिमीटर. नकाशात लिहिलेला 'एट-पेनी कॉमन' खिळा ३.३३ मिलिमीटरचा असतो. दुकानात दोन्हींना आठ नंबरच म्हणतात, त्यामुळे घोटाळा सहज होतो. अर्ध्या मिलिमीटरनं काय बिघडतं असं वाटेल, पण गोल सळईचं वाकण्याला तोंड देण्याचं बळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. २.८७ला ३.३३नं भागा आणि उत्तराचा घन करा, ०.६४ येतात. खिळ्याचं छत्तीस टक्के बळ कमी, तेही तो नीट बसला असता तरी.

सकाळी ठेकेदाराला फोन केला. तो आवाज चढवून बोलला नाही. "सगळीकडे असंच असतं, वाटलं तर मधून मधून आणखी खिळे मारून देतो," म्हणाला. मारणार कशानं, तर त्याच गननं, त्याच दाबानं. मी नको म्हटलं. पुढे पैशांची बोलणी झाली, त्यानं काही रक्कम परत केली आणि आमचा व्यवहार तिथे संपला. त्याच्या माणसांवर माझा राग नाही. अठ्ठावीस इंच उंचीच्या जागेत आडवं पडून, तोंडावर माती घेत, दिवसाला एक भिंत उरकायची म्हटल्यावर गनच्या दाबाचा खटका कोण फिरवत बसेल? पण त्यांना हे कोणी तरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगणं ज्याचं काम होतं त्यानं सांगितलं नाही. याची चीड मला आजही आहे.

निरीक्षक ठरल्या वेळी आला. मी त्याला आधीच सांगितलं, की काम नापास आहे, पण तुम्ही बघून पुढे काय करायचं ते सांगा. साठीच्या घरातला माणूस, गुडघ्यांना पट्टे बांधून मुकाट्यानं आत आला. माझे पेन्सिलीचे गोल बघून थांबला, मग त्यानंही तेच केलं जे मी केलं होतं, अंगठा फिरवला. जुन्या घरांच्या मजबुतीकरणाबद्दल कॅलिफोर्नियाच्या संहितेत ए-३ नावाचं प्रकरण आहे, त्यातला नियम त्यानं तोंडपाठ सांगितला. खिळ्याचं डोकं तक्त्याच्या सपाटीला हवं. लाकडात खिळा निदान दीड इंच जायला हवा. ज्या खिळ्यानं तक्त्याचं तोंड फोडलं तो उपटायचा नाही, तिथेच राहू द्यायचा, पण मोजायचा नाही. त्याच्यापासून दोन इंचांच्या आत नवा खिळा मारायचा, आणि तो हातानं.

"हातानं" यावर त्यानं दिलेला जोर मला तेव्हा पुरता कळला नव्हता. तो कळला फ्रीमॉंटला राहणाऱ्या एका काकांमुळे. सांगलीकडचे, आयुष्यभर इथे इमारतींचे आराखडे केलेले, आता निवृत्त. मंडळाच्या गणेशोत्सवातली ओळख. फोटो पाठवले तर दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, बाहेर खुर्ची टाकून बसले, आणि मला म्हणाले, "तुझ्या शर्टाची गुंडी बघ. गुंडी कापडाला कशी धरते?"

"दोऱ्यानं."

"दोरा गुंडीला धरतो. कापडाला गुंडी धरते, तिच्या रुंदीनं. आता काज फाटून मोठं झालं तर दोरा कितीही पक्का असू दे, गुंडी आरपार निघून येणार. खिळ्याचं डोकं ही गुंडी आहे रे. तुझं कापड फाटलंय."

मग त्यांनी नीट समजावलं. प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत, एकाचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे. सगळ्यांत बाहेरचा पापुद्रा साधारण सूतभर जाडीचा. खिळा सपाटीला थांबला तर हा पापुद्रा अखंड राहतो आणि डोक्याला टेकायला पूर्ण जाडी मिळते. सूतभर खोल गेला की पहिला पापुद्रा डोक्याच्या आकाराचा कापलाच गेला. उरले मधले. भूकंपात जमीन घराला एकदा ढकलून थांबत नाही, ती त्याला मागेपुढे हेलकावते. दर हेलकाव्याला तक्ता स्टडवरून सरकायला बघतो आणि खिळा त्याला अडवतो. चांगल्या सांध्यात खिळा वाकतो, उलट वाकतो, भोवतीचं लाकूड थोडं चिरडतो, आणि या वाकण्यातच धक्क्याचा जोर जिरतो. असा सांधा कुरकुरतो, सैल होतो, पण सुटत नाही. बुडालेल्या खिळ्याला वाकायला वेळच मिळत नाही. त्याच्या आधी तक्ता डोक्यावरून फाटून निघतो. स्थिर भाराखाली कदाचित फारसा फरक दिसणार नाही, हेलकाव्यांत दिसतो.

"मग आणखी खिळे मारले तर?" मी विचारलं.

"मारशील कुठे? दोन तक्ते एकाच स्टडवर जोडलेत. कडेपासून तीन सूत अंतर ठेवायचंच असतं. त्याच रांगेत दाटीनं ठोकलंस तर स्टड उभा चिरेल. चिरलेल्या लाकडाला खिळा धरून राहत नाही. खिळे मोजून मारायचे असतात, भीतीनं नाही."

माझं समाधान डोळ्यांनी बघितल्याशिवाय होत नाही. पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये स्टडचे दोन तुकडे घेतले आणि प्रत्येकावर प्लायवूडची फळी चार खिळ्यांनी ठोकली. खिळे एकाच डब्यातले. पहिल्यात चारही सपाटीला. दुसऱ्यात पंचनं ठोकून सूतभर खाली उतरवले. स्टड शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळला, फळीच्या दुसऱ्या टोकाला जाड लाकूड बोल्टनं पकडलं, आणि त्यात सहा फुटी पहार अडकवून एकदा ढकलायचं, एकदा ओढायचं. बायको वहीत रेघा मारत मोजायला उभी राहिली.

सपाटीचा सांधा आधी. पहिल्या काही हेलकाव्यांत फक्त करकर ऐकू आली. पंधराच्या पुढे खिळ्यांची डोकी थोडी कलताना दिसू लागली, एका बाजूनं प्लायवूडमध्ये रुतलेली, दुसऱ्या बाजूनं केसभर उचललेली. तीस झाले तेव्हा सांधा ढिला झाला होता, डोकी अर्धा सूत वर आली होती, पण फळी चारही खिळ्यांवर होती. मी दमून थांबलो. नंतर पाचरीनं उघडून बघितलं तर चारही खिळे इंग्रजी एस अक्षरासारखे वळले होते.

दुसऱ्याला तेवढा वेळ लागला नाही. चौथ्या हेलकाव्याला कोपऱ्यातल्या खिळ्यापाशी फट् असा आवाज झाला, आणि सातव्याला पूर्ण फळी हातात आली. स्टडमध्ये चार खिळे सरळ उभे होते, जवळजवळ जसे मारले तसेच. फळीला डोक्याच्या मापाची चार भोकं, आणि आतल्या बाजूनं तंतूंचा झुबका बाहेर आलेला. चार-चार खिळ्यांचा हा खटाटोप काही प्रयोगशाळेच्या तोडीचा नव्हे, मापं घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पण ते सरळ उभे राहिलेले खिळे मी विसरू शकत नाही. त्यांच्यावर कामाची वेळच आली नव्हती.

बायको म्हणाली, "सगळं आपणच करायचं का?"

"दुसऱ्या कोणाला दिलं तरी मी रात्री अंगठा फिरवायला जाणारच."

"मग मी खिळे देत जाते. तू एकटा आत जायचं नाहीस."

परवाना आमच्या नावावर करून घेतला आणि कामाला लागलो. शनिवार-रविवार धरून पाच आठवडे गेले.

सगळं उखडावं लागलं नाही. नऊ तक्त्यांपैकी दोनच्या कडा खिळ्यांनी इतक्या चाळण झाल्या होत्या, की नव्या खिळ्याला धड लाकूड उरलं नव्हतं. ते काढून नवे लावले. काढल्यावर मागे एक स्टड टोकापासून सात-आठ इंच चिरलेला सापडला, तो तक्त्याआड दिसणारच नव्हता. त्याच्या शेजारी नवा स्टड जोडला. बाकी सात तक्त्यांवर प्रत्येक गोलाच्या शेजारी दोन इंचांच्या आत एक खूण केली, पण जुन्या खिळ्याच्या रांगेपासून किंचित बाजूला, म्हणजे दोन्ही एकाच तंतूवर येऊन लाकूड फाटू नये. जिथे खिळे हवेत चमकत होते तिथे आधी भोकातून बघून स्टडची मध्यरेषा तक्त्यावर उतरवली. इतकी साधी रेघ. ती पहिल्या दिवशीच मारली असती तर एकही खिळा हुकला नसता.

जुन्या घराचं लाकूड हे एक वेगळंच प्रकरण आहे. आमचे स्टड पूर्ण दोन इंची आहेत, आजच्यासारखे दीड इंची नाहीत, म्हणून तक्त्यांच्या जोडावर थोडी ऐसपैस जागा मिळाली. पण ऐंशी वर्षांहून जास्त वाळलेलं डग्लस फर काही ठिकाणी असं टणक, की खिळा अर्ध्यात वाकतो, आणि हातभर पुढे त्याच भिंतीत असं मऊ, की चार घावांत आत. तेव्हा गनचं काय चुकतं ते मला उमगलं. गनचा घाव दर वेळी सारखा असतो, लाकूड सारखं नसतं. टणक जागी खिळा पुरता बसावा म्हणून दाब वाढवला, की मऊ जागी तो बुडतो. अनुभवी सुतार दाब कमी ठेवतात, खिळा अर्धा सूत वर राहील असा, आणि शेवटचा घाव हातोडीनं घालतात. नव्या दोन तक्त्यांना मी तसंच केलं. आधी रद्दी लाकडावर दाब उतरवत उतरवत ठरवला, आणि मग प्रत्येक खिळा हातानं बसवला. या वेळी खिळे ३.३३चेच, आणि मडसिलवरच्या औषध मारलेल्या नव्या ठोकळ्यांत जाणारे जस्ताचा जाड मुलामा दिलेले, कारण त्या औषधानं साधा खिळा गंजून जातो.

टणक जागी आधी बारीक भोक पाडत होतो. तीन-बत्तिसांश इंचाचं पातं, म्हणजे खिळ्याच्या व्यासाच्या साधारण पाऊणपट. त्याहून मोठं पाडलं तर खिळ्याची पकड जाते. भोक पाडायला दर खिळ्याला अर्धं मिनिट जास्त लागतं. एकदा कंटाळून तीन खिळे तसेच ठोकले, तिसऱ्याला कट् असा कोरडा आवाज आला आणि स्टडच्या कडेला केसासारखी चीर पडली. परत कधी भोक चुकवलं नाही.

घराखाली हातोडी उगारायला जागा नसते. कुशीवर पडून, कोपर मातीत रोवून, मनगटानंच ठोकायचं. आखूड दांड्याची हातोडी घेतली. पहिल्या दिवशी सत्तावीस खिळे झाले आणि रात्री कप उचलवेना. दुसऱ्या आठवड्यापासून हात बसला. त्याहून जास्त कान बसला. खिळा आत जाईल तसा आवाज वर चढत जातो, आणि डोकं तक्त्याला टेकतं त्या घावाला आवाज एकदम भरीव, बसका होतो. तिथे थांबायचं. आणखी एक घाव घालायचा मोह होतो, "अजून पक्का करू" असं हात म्हणतो. तोच एक घाव पापुद्रा फोडतो. बायको बाहेर, आत शिरायच्या वाटेशी बसून खिळे आणि पाणी द्यायची, आणि तिसऱ्या रविवारी तिलाही तो आवाज ओळखू यायला लागला. "बास!" असं बाहेरून ओरडायची, आणि मी अंगठा फिरवला तर डोकं बरोबर सपाटीला.

मुलगी एकदा आत आली होती. किती खिळे झाले ते तिला मोजायचं होतं. तिला बुडालेला आणि बसलेला असे दोन खिळे दाखवले, दोन्हींवर तिचं बोट ठेवलं. किल्लारीचं मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी मातीत बसून सांगितलं, आरपार बांधलेल्या दगडांपासून सुरुवात करून.

शेवटच्या तपासणीला तोच निरीक्षक आला. या वेळी वीस मिनिटं आत होता. पेन्सिलीचे जुने गोल तसेच होते, शेजारी नवे खिळे. त्यानं प्रत्येक तक्त्यावर पाच-सहा जागी हात फिरवला, एका भोकातून दिवा घालून बघितलं, जोडलेल्या स्टडला हातोडीनं टकटक करून बघितलं. बाहेर येऊन गुडघ्यांचे पट्टे सोडत म्हणाला, की मला बोल्ट मोजायची सवय लागली होती. आणि परवान्यावर सही केली.

एक जागा मात्र राहिली आहे. स्वयंपाकघराखालच्या कोपऱ्यात पाण्याची जुनी नळी तक्त्याला जवळजवळ चिकटून जाते, तिथे हातोडी शिरत नाही. नकाशात लागते त्याहून आमची भिंत त्या बाजूला सोळा इंच जास्त लांब आहे आणि ते खिळे त्या जास्तीच्या भागात येतात, म्हणून निरीक्षकानं हरकत घेतली नाही. एप्रिलमध्ये प्लंबर येणार आहे, तेव्हा ती नळी चार इंच सरकवून घ्यायची. तीन खिळे मारायचे आहेत. ते बायकोनं मोहरीच्या रिकाम्या डबीत वेगळे काढून ठेवलेत.